काच फुटल्यानंतरचे फटके

दादा, काल सकाळी मी एका माणसाला मारलं. इथे अल ऐनच्या गॅरेजात, सगळ्यांदेखत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला मला बापाशिवाय दुसरं कुणी सुचेना.

इथली थंडी तुम्हाला सांगायला नको. गावी लोकांना वाटतं, दुबईकडे बारा महिने नुसतं भाजतं. जानेवारीत वाळवंटावरून वारा सुटला की पाना हातात धरवत नाही, गाडीखाली पुठ्ठा टाकून आडवं झालं तरी फरशीचा गारठा पाठीत शिरतो, आणि पेट्रोलने हात धुतले की भेगांची आग आग होते. तिकडे अबू धाबीला, मुसफ्फाच्या गॅरेजात तुमच्या हाताखाली काम करताना मी दोन स्वेटर चढवायचो, कानांना मफलर गुंडाळायचो, तरी दात वाजायचे. शटर मात्र तुम्ही कधी खाली घेऊ दिलं नाहीत. "इंजिन चालू तर शटर वर. तो धूर दिसत नाही, माणूस झोपेतच जातो," एवढंच म्हणायचात, आणि तेही आधी कानाखाली वाजवून.

त्या दिवशी तुम्ही पार्ट आणायला गेला होतात. मी शटर पाडलं, गिऱ्हाइकाच्या पिकअपमध्ये बसलो, इंजिन सुरू केलं आणि हिटर लावला. काय सुख होतं ते! बोटं सैल पडली, डोळे जड झाले. पुढचं आठवतं ते एकदम काच अंगावर कोसळली तिथपासून. तुम्ही व्हील पान्याने खिडकी फोडलीत आणि मानगूट धरून मला फरफटत रस्त्यावर आणलंत. मी खोकतो आहे, ओकतो आहे, आणि तुम्ही मारता आहात. आधी हाताने, मग बुटाने, मग कमरेचा पट्टा काढून. "मरायचंय तर गावी जाऊन मर! तुझ्या आईला काय खोका पाठवू मी?" शेजारच्या टायरवाल्या पठाणाने तुम्हाला मागून कव घातली, "छोड दो उस्ताद, खलास, मर जाएगा," तेव्हा कुठे थांबलात. माझा पुढचा दात तिथेच रस्त्यावर राहिला.

आई आजही म्हणते, बापाने जीव वाचवला. वाचवलात, खोटं कशाला बोलू. पण दादा, काच फुटली, हवा लागली, मी खोकलो, तिथेच माझा जीव वाचला होता. पुढचे फटके कुणासाठी होते? सुट्टीवर घरी आलात की भात करपला तरी तोच पट्टा निघायचा, हे आईही विसरलेली नाही. उपकार आणि मार तुम्ही असे एकात एक कालवलेत, की मला धड तुमचे आभार मानता आले नाहीत आणि धड शिव्याही देता आल्या नाहीत. तुम्हाला खांदा देतानासुद्धा मी मनात तुमच्याशी भांडत होतो.

काल धुकं होतं. मी पोचलो तर शटर खाली, आणि आतून इंजिनाचा आवाज. वर ओढलं. आमचा वेल्डर, बिहारचा, माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप, गाडीत मान टाकून पडलेला. दार उघडून त्याला बाहेर ओढला, उघड्यावर आणून पाठ चोळली. तोवर गॅरेजातले बाकीचेही जमले. थोड्या वेळाने तो खोकला. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि कसंनुसं हसून म्हणाला, "सॉरी उस्ताद, बहुत ठंड थी."

मी थोबाडीत मारली. मग दुसरी. मग मोजल्या नाहीत. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने हात वर केला नाही, खडीवर बसल्या बसल्या एवढंच म्हणाला, "बस उस्ताद. जिंदा हूँ मैं."

मग मीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आज तो बरा आहे. गॅरेजातले सगळे म्हणतात, उस्तादने जान बचाई. बायकोही तेच म्हणाली. मी मान डोलावली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. पहिली थोबाडीत भीतीची होती, दादा. दुसरी मारताना मला बरं वाटलं.