मुडपतो म्हणजे काय

संपदा,
ऑफिसातून आलीस की शोधत बसू नकोस. मी ई-रिक्षाने परत गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलेय. तुझी वाट पाहिली नाही.

काल मी म्हटलं, गुडघा मुडपतो. तू त्यांना हिंदीत सांगितलंस, मुडता है. ते खूश होऊन म्हणाले, अच्छा है. अगं, मुडपतो म्हणजे चालता चालता पाय दगा देतो. पलंगावर झोपवून गुडघा हलवून पाहिला, त्यात ते काय दिसणार? आज त्यांच्यासमोर जिनाच उतरून दाखवते.

कुकर झालाय, वरणाला फोडणी तेवढी दे. आणि कामाला येणाऱ्या रेखाला ओल्या फरशीवरून बोलू नकोस. मी पडले तेव्हा फरशी कोरडीच होती.

आई