शिशाचा आवाज

बाबा, तुमच्या अरबाबचा, त्या अरब मालकाचा, मला अजूनही राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो माणूसही आता असेल-नसेल, तरी येतो. राग कसला, हेवाच म्हणायचा. आज सकाळी इथे अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये लेकीच्या हातून काहीतरी फरशीवर पडलं आणि मी स्वयंपाकघरातून न बघताच ओरडले, "अगं, देवघरातली घंटा ना ती? उचल आधी." ती दारात येऊन उभी राहिली. "ममा, हाऊ डू यू इव्हन नो?" मी म्हटलं, सवय. तुमच्याबद्दल तिला पुष्कळ काही सांगते मी. तुमचा लेथ, तुमची सुकट, फोनवर गावाशी ओरडून बोलणं. हे मात्र सांगत नाही.

अल नहदाच्या आपल्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी सगळ्यांचे बाबा घरी असायचे. लुंगीवर गॅलरीत उभे राहून एकमेकांना हाका मारायचे. तुमचा शुक्रवार अरबाबचा होता. आठवडाभर त्याच्याच वर्कशॉपमध्ये राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याची पांढरी गाडी खाली हॉर्न द्यायची, की तुम्ही चहा अर्धा टाकून निघालात. आई कपबशी उचलता उचलता म्हणायची, "माझ्याशी कशाला केलंत लग्न? त्याच्याशीच करायचं होतंत." तुम्ही हसायचात. मला नाही हसू यायचं, कारण आई थट्टा करत नव्हती हे मला दिसत होतं.

खोर फक्कानच्या रस्त्याला लागलं की आत त्याचा मजरा, म्हणजे शेतवाडी, खजुराची बाग आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड. त्याच्याकडे वडिलांची जुनी, मोठ्या नळीची मॅग्नम रायफल होती आणि ती घेऊन तो दरवर्षी आफ्रिकेत रानम्हशींच्या शिकारीला जायचा. तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झालेली. तुम्ही गावाकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलेलं. तेवढ्यावर तुमची दोघांची गट्टी जमली. टायरवाल्यांकडून चाकं बॅलन्स करायची जुनी शिशाची वजनं आणायची, वितळवायची, साच्यात गोळ्या ओतायच्या, मग पितळी नळकांडीत दारू तोलून भरायची आणि वर गोळी बसवायची. परवाना त्याचा, हात तुमचे. एकदा आई आणि मी जेवणाचा डबा घेऊन तुमच्याबरोबर आलो होतो. शेडच्या आत यायची आम्हाला बंदी, म्हणून बाहेर बाभळीखाली बसलोय. अरबाब पायघोळ कंदुरा खोचून तुमच्या शेजारी उकिडवा बसलाय, हातात नुकतीच ओतलेली गोळी. "उस्ताद, ये ठीक?" तुम्ही ती उजेडात फिरवता. "नहीं अरबाब. सुरकुती है. वापस डालो." आणि एवढा मोठा मालक मान खाली घालून गोळी परत भांड्यात टाकतो, आणि तुम्ही दोघं खो-खो हसता. घरी तुम्ही असं कधी हसला नाहीत. निघताना तो तुमच्या नाकाला नाक लावून निरोप घेतो, अरबांत जवळच्या माणसाचा घेतात तसा.

आणि घरी? घरी दार उघडलं की मी धावत यायची आणि तुम्ही दोन्ही हात वर करायचात. "थांब, हात लावू नकोस." कपडे वेगळ्या बादलीत, मग आंघोळ, मग साबणाने पुन्हा हात. तोवर माझं सांगायचं राहून जायचं किंवा मला झोप लागायची. शिशाची धूळ पोरांना वाईट असते, हे आईने समजावलं होतं. मला कळतही होतं. पण कारण कळलं म्हणून जळफळाट थोडाच कमी होतो. त्याच्या नाकाला नाक, आणि मला "थांब".

म्हणून मी वजनं गोळा करायला लागले. तेव्हा आठवीत होते. शाळेची बस चौकात थांबायची तिथे रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या खाली, चाकांवरून निखळलेली वजनं पडलेली असत. रुमालात धरून उचलायची आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायची. डबा भरला तेव्हा तुमच्यासमोर ठेवला. त्या शुक्रवारी तुम्ही तो डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलात. मी गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी मला वाटलं, आता मीही आहे त्या शेडमध्ये.

तुम्ही लवकर परत आलात, आणि तोंड उतरलेलं होतं. अरबाबचं विमान दोन दिवसांवर आलेलं, आणि भांड्यातलं सगळं शिसं फाटलेल्या दुधासारखं गुठळ्या होऊन बसलं होतं. एकही गोळी धड उतरेना. माझ्या डब्यात जस्ताची वजनं होती. दिसायला तशीच, पण थोडंसं जस्त मिसळलं की अख्खं भांडं वाया.

"बघून उचलली नाहीस?"

"सगळी सारखीच दिसतात, बाबा."

"मग विचारायचं. माणूस तिकडे जनावरासमोर उभा राहतो, कळतंय का तुला?" मग आवाज खाली आला. "दुसऱ्या कुणी दिली असती तर मी एकेक तपासून घेतलं असतं."

मला रडू फुटलं. त्याचं शिसं नासलं याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. तुम्ही माझा डबा न तपासता ओतला होतात, आणि आता पुन्हा कधी ओतणार नव्हतात, त्याचं रडू होतं. आई मध्ये पडली, "पुरे, पोरीने हौसेने आणलं होतं." तुम्ही आंघोळ करून आलात. मग गॅलरीत गेलात, डब्यात उरलेली वजनं कागदावर ओतलीत आणि मला म्हणालात, "तिकडे तोंड कर. हात लावायचा नाही. नुसतं ऐक."

टक्. तुम्ही एक फरशीवर टाकलंत. मग दुसरं. टण्. पहिलं मुकं, खाली पडून तिथेच बसणारं, दुसरं वाजणारं. "पहिलं शिसं, दुसरं जस्त," तुम्ही म्हणालात. "आता तू सांग." मी भिंतीकडे तोंड करून सांगत गेले. शिसं, शिसं, जस्त. चुकले की तुम्ही तेच पुन्हा टाकायचात. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी आपली गॅलरी ठरलेली. तुम्ही टाकायचं, मी ऐकायचं. पाठीमागे तुम्ही आहात, तुमचं लक्ष माझ्या उत्तराकडे लागलंय, आणि मी बोलल्याशिवाय तुमचा हात पुढे जात नाही. शुक्रवार गेला तर गेला, गुरुवार माझा होता. कॉलेजात गेले तरी मैत्रिणींना गुरुवारी मी कधी मिळाले नाही.

मग तुमचं हृदय बंद पडलं, वर्कशॉपमध्ये, लेथशेजारी. गावी सगळं आटोपून आई आणि मी परत आलो, तेव्हा अरबाबने गाडी पाठवली. शेडमध्ये तुमचं सामान होतं, ते घेऊन जा म्हणाला. पहिल्यांदा मी आत पाऊल टाकलं. तुमचा चष्मा, तुमचा ॲप्रन, साचा तेल लावून फडक्यात बांधलेला. तो दाढी ओली होईपर्यंत रडला. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता आणि मला वाटत होतं, याने माझ्या वाटणीचंही रडून घेतलं.

"मैं उस्ताद को बोला, जर्मनी से मशीन लाता," तो म्हणाला. "धातु चेक करने का. वो बोला, अरबाब, मशीन नहीं मांगता. मेरा बेटी का कान है." डोळे पुसले त्याने. "हर जुमा वो तुम्हारा बात करता. मेरा बेटी, मेरा बेटी. मेरा लड़का लोग कभी इधर आया नहीं. मेरे को जलन होता था, वल्ला."

एवढी वर्षं मी त्याच्यावर जळत होते, आणि तो बसला होता माझ्यावर जळत. हे ऐकून मन मोठं व्हायला हवं होतं. झालं नाही. तुम्ही आपला गुरुवार शुक्रवारी त्याला सांगून टाकत होतात, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

कोपऱ्यात एक बादली होती, न निवडलेल्या वजनांनी अर्धी भरलेली. त्याने वाकून एक उचललं, काँक्रीटवर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही बघत असाल तसाच, हात थांबवून. त्याला काही गोळ्या बनवायच्या नव्हत्या, बाबा. साचा तर त्याने आधीच माझ्या आईच्या हातात दिला होता. त्याला फक्त तुमचा तो खेळ एकदा बघायचा होता.

मी म्हणाले, "नहीं समझता, अरबाब. भूल गई." त्याने मान हलवली, "माफी मुश्किल," म्हणजे त्यांच्या भाषेत हरकत नाही, म्हणाला आणि ते वजन हळूच बादलीत परत ठेवलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर लिहून टाकते. ते शिसं होतं.