पाच वेळा भाजलेले खडे

३ मार्च
नोटीस लागली! सांडपाण्यातला रंग तीस दिवसांत काढा, नाहीतर कापड रंगवायच्या कारखान्याला टाळं. गेल्या महिन्याच्या सभेत मी टेबलावर मूठ आपटली होती — "हा नाला नाही, हा गुन्हा आहे!" टाळ्याच टाळ्या. आणि आज हा कागद. शब्दांची ताकद पुस्तकांत वाचली होती, आज डोळ्यांनी पाहिली.

गोची एकच. त्याच कारखान्यात माझी ताई रंग कालवते. बावीस वर्षं. तिच्यासारखी आणखी साठ माणसं.

ताई म्हणाली, "वक्ते, चहा हवा असेल तर स्वतः करून घ्या." मला ‘घ्या’! प्रकरण गंभीर आहे.

५ मार्च
नाला स्वच्छ हवा, साठ चुली विझायला नकोत. हे सभेत का नाही सुचलं? मालकांकडे गेलो. "आता काय, आत येऊन भाषण?" म्हणालो, पाणी मी स्वच्छ करून देतो. मालक हसले. मीही हसलो. मग दोघांचंही हसू थांबलं.

८ मार्च
रसायनशास्त्राचे निवृत्त सर मदतीला आले. घरभर बरण्या, म्हणून सगळे त्यांना बरणीसर म्हणतात. त्यांनी चिमूटभर चिकणमाती सांगितली. मी उत्साहात घमेलंभर पाणी गाळायच्या नळीत ओतली. फुगली कणकेसारखी! पाणी पुढे सरकेना. ताई जाता जाता — "नऊशे पुस्तकं वाचली, चाळण एकही पाहिली नाही!"

बोलली तरी!

१३ मार्च
मातीनं निळा रंग धरला, लाल तसाच वाहिला. बरणीसर म्हणाले, "माती आणि लाल रंग, दोघांवर विद्युतभार एकाच जातीचा. एकमेकांना जवळ करणार नाहीत." मग त्यांनी दुसरं खनिज काढलं — पांढरे खडे, आत थरावर थर. भाजले की थर मोडतात. पाण्यात टाकले की पुन्हा रचले जातात, आणि रचताना रंग आत ओढून घेतात. मग पुन्हा भाजायचे. रंग जळतो, खडे मोकळे. "यांना आठवण असते," सर म्हणाले. असं वाक्य मला आजवर व्यासपीठावर सुचलेलं नाही.

१४ मार्च
लाल गेला!!! निळाही!

१९ मार्च
नोटीस काढणाऱ्या अधिकारी बाई आल्या. ग्लास पाहिला, खूश झाल्या नाहीत. "रंग पाण्यातून खड्यांत गेला. आता खड्यांचा ढीग कुठे टाकणार? मैदानात? तेच खडे पाचदा वापरून दाखवा." मी उत्तरासाठी छाती फुगवली. ताईनं मागून सदरा ओढला.

२६ मार्च
सत्यानाश. चौथ्या फेरीला पाणी गुलाबी. भट्टी मीच तापवली होती, जोशात, दुप्पट. बरणीसरांनी डोक्याला हात लावला — "फार भाजलं की आठवणच जाते हो!"

ताई म्हणाली, "आवाज काय, आग काय, तुला वरची पट्टीच लागते." भट्टीचा ताबा तिनं घेतला. नवे खडे. दिवसाला एक फेरी, पुन्हा पहिल्यापासून. मी फक्त बादल्या उचलायच्या, तोंड मिटून.

२९ मार्च
तिसरी फेरी. लख्ख. कंबर गेली.

३१ मार्च
पाचवी फेरी, बाईंच्या समोर. त्यांनी ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं आणि बारीक अक्षरांतली जाहिरात वाचून दाखवली! साठ माणसं ओरडली. मग बाईंनी मला विचारलं, "हे कायम चालेल?" जिभेवर ‘युगानुयुगे’ आलं होतं. म्हणालो, "नाही. दर फेरीत आठवण थोडी कमी होते. दहा-बारा फेऱ्यांनी नवे खडे लागतील." त्यांनी लिहून घेतलं. नमुना प्रयोगशाळेत गेला. ताईनं न मागता चहा दिला.

२ एप्रिल
मंजूर! टाळं टळलं. बाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं, फाईल ताईपुढे केली. "मूळ तक्रार तुमचीच ना? सही करा, प्रकरण मिटलं." एका ओळीचा अर्ज, ताईच्या अक्षरातला: ‘आमच्या पाण्यानं नाला लाल होतो, येऊन बघावं.’ तारीख माझ्या सभेच्या तीन आठवडे आधीची.

"अगं, महिनाभर मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलायचं थांबलास तर सांगू ना!"