एर्सीलिया आत्याच्या आत्म्यास शांती

लुक्का, कोटाच्या आत
मंगळवार

आदरणीय आणि देवकृपेने धडधाकट एर्सीलिया आत्या,

तुझ्या दोन्ही गालांना मुके (लांबूनच, जवळ आलो तर काय होईल ते मला ठाऊक आहे). गुडघे कसे आहेत? डोंगरातल्या त्या गरम पाण्याने काही उतार पडला का? इकडे कुंड्यांना रोज पाणी घालतो. जाताना तू एवढेच काम सांगितले होतेस आणि तेवढे मी चोख केले, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेव. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तिकडे तुझा फोन लागत नाही. लागला असता तरी मी केला नसता.

तर झाले असे, की तुझे घर मी पंधरा दिवसांसाठी पर्यटकांना दिले. (आधी खुर्चीवर बस.) आपल्या गल्लीत तू आणि समोरची इओले सोडून आता उरले आहे कोण? दारोदार आकड्यांची कुलपे आणि जिन्यात चाकांच्या बॅगांचा खडखडाट. म्हटले, आपणच का मागे राहावे? पण जाहिरातीत लिहायचे काय? बाकीच्यांकडे मनोरे, भित्तिचित्रे. आपल्याकडे ब्याऐंशी पायऱ्या आणि मर्जी असेल तेव्हाच तापणारा बंब. शेवटी लिहिले, 'माझ्या दिवंगत आत्याचे घर, तिने ठेवले होते तसेच.' त्या एका शब्दाने बंबसुद्धा पावन झाला. दुसऱ्याच दिवशी पोलंडचे एक जोडपे ठरले.

माणसे वाईट असती तर मी वाचलो असतो. त्यातली हालीनाबाई (तिला आपली इटालियन भाषा उत्तम येते, हे माझे दुर्दैव) आल्या आल्या तुझ्या फोटोपुढे क्रूसाची खूण करून उभी राहिली. आत्यांना शेवटी फार सोसावे लागले का, म्हणून विचारू लागली. मी म्हणालो, नाही, झोपेतच गेली. (निदान तेवढे तरी तुझ्यासाठी बरे केले.) मग ती भली बाई मला न सांगता फादर आमेदेओंकडे जाऊन तुझ्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगून आली. फादरांना वाटले, तू डोंगरातच आटोपलीस. रविवारी त्यांनी वेदीवरून तुझे नाव वाचले, आणि पहिल्याच बाकावर इओले होती.

मांजरावरून तुझ्याशी अकरा वर्षे न बोललेली ती इओले. भर चौकात माझी बाही धरून म्हणाली, "अरे नालायका, सख्खी आत्या गेली आणि भिंतीवर निधनाचा साधा कागद लावला नाहीस? कुत्रं हरवलं तरी लोक कागद लावतात!"

खरे सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "छापखाना बंद आहे, इओलेमावशी."

"बंद? माझा जावईच चालवतो तो!"

संध्याकाळपर्यंत गल्लीपासून वेशीपर्यंत काळ्या चौकटीत तूच तू. नाव, वय (इओलेने चार वर्षे वाढवली आहेत) आणि खाली 'शोकाकुल भाचा फाउस्तो'. पाववाल्याने हात हातात घेऊन मला फुकट पाव दिला, आणि मी तो घेतला. आत्या, मला फार लाज वाटते आहे.

तुझा, तोंड दाखवायची सोय न उरलेला,
फाउस्तो

ता. क. शनिवारी दुपारी इओलेने सगळ्या गल्लीला तुझ्या नावाने जेवायला बोलावले आहे. तुझ्यासारखी तोर्देल्ली करायचा घाट घातला आहे, पण सारणात तू नेमके काय घालतेस ते तिला ठाऊक नाही. "विचारायचं राहूनच गेलं," म्हणते आणि रडते. खरे सांगायला मी तीनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. विनंती एवढीच, की शनिवारच्या आत तूच ये. माझ्याच्याने होत नाही.

ता. क. आणखी एक. 'दिवंगत' लिहिताना वाटले होते, हात अडखळेल. अडखळला नाही. उलट, माझे पुस्तकांचे कपाट कुठे मावेल ते मी तेव्हाच पाहून घेतले. कागद, मिस्सा, पाव या सगळ्याहून मला लाज वाटते ती याची.

ता. क. शेवटचे. शुक्रवारी दुपारनंतरच ये. तोवर हालीनाबाई तुझ्या पलंगावर आहे, आणि तू दारात उभी राहिलीस तर तिचे काही खरे नाही. आज सकाळीच तिने पुढच्या वर्षासाठीही हेच घर मागितले. मी शरमेने मान खाली घातली. तिला तो होकार वाटला, आणि मी तसेच वाटू दिले.