सोमवारचं मौन

२८ ऑक्टोबर २०२५, सिंदी (रेल्वे)
मुकेशला, माझ्या नवऱ्याला, जाऊन आज महिना झाला. सासरे, अण्णाजी, अजून त्याचं नाव घेत नाहीत. तो इंदूरला त्या लेसरच्या कामावर लागला तेव्हापासूनच नाव घेणं सोडलं. सगळा जन्म खादीत गेलेला माणूस. "बॉम्बच्या कामाले माझा पोरगा नाई," एवढंच म्हणाले होते.

४ नोव्हेंबर
शेजारचे तानबाकाका बसायला आले. "सूनबाई, बॉम्बच बनवत होता काय वो तो?" म्हटलं, वीज. "मंग आपल्या इथली लाइट काऊन जाते रोज?" स्वतःच हसले.
मला तरी नीट कुठे माहीत आहे.

९ नोव्हेंबर
मुकेशबरोबर काम करणारी नंदिनी त्याचं सामान घेऊन आली. दोन शर्ट, डबा, चष्मा. बुधवारी जाईल.

१० नोव्हेंबर, सोमवार
अण्णाजींचं मौन असतं. ओसरीत चरखा चालू. नंदिनी मला समजावत होती — तिळाएवढी गोळी, आत जड हायड्रोजन. चहूबाजूंनी एकाच क्षणी लेसरचा मारा. गोळी दाबली जाते, क्षणभर आत सूर्यासारखं होतं. एका बाजूने दाब जरा कमी पडला की सगळं फुकट. मुकेश त्या गोळ्यांची गोलाई तपासायचा. "घरात वीज यायला अजून खूप वेळ आहे, ताई. आपण असू की नाही, कोण जाणे."
चरखा थांबला.
"यातून बॉम्ब होते का नाई?"
अण्णाजी! माझ्यादेखत मौन कधी मोडलं नव्हतं.
मी मनात म्हणत होते, नाही म्हण. एकदा नाही म्हण, बाई.
"आम्ही विजेसाठीच करतो. पण यातून जे कळतं, ते बॉम्बवाल्यांच्याही कामाचं असतं. मुकेशला माहीत होतं. म्हणायचा, अण्णाजी अर्धे बरोबर आहेत."
"अर्धेच?"
उठून मागच्या दारी गेले. जेवायला आले नाहीत.

११ नोव्हेंबर
नंदिनीचा राग आला आहे. एक खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?
अण्णाजी दिवसभर कातत होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला घरच्या सुताची माळ घालतात. मुकेशचा फोटो अजून तसाच आहे. वाटलं, उद्या घालतील.

१२ नोव्हेंबर
नंदिनी निघाली. अण्णाजींनी माळ तिच्या गळ्यात घातली. "हे काम मले आजही पसंत नाई. पण मुकेशची जागा खोटं बोलणाऱ्याले देऊ नको. तूच करजो."
नाव घेतलं. ऐकायला आम्ही दोघीच.