‘दिग्विजय’ची हजेरी

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.

बोटीवर राहायला लागून अकरा महिने झाले आणि आज कुठे मनासारखं लिहायला बसलो. टेबल सपाट, डायरी जाड, मान मोडायची. आज डायरीखाली हातातला रेडिओ कुशीवर आडवा ठेवून बघितला. काय सुरेख उतार आला! मनगट टेकतं, पान हलत नाही. लोक यासाठी स्टँड विकत घेतात.

रेडिओ बंद ठेवायचा नाही, असा या खाडीचा नियम. नांगर टाकलेल्या चौदा बोटी, सगळ्या एकाच चॅनेलवर. रोज सकाळी आठला हजेरी. आपल्या बोटीचं नाव पुकारलं की रेडिओच्या कडेचं बटण दाबून ‘हजर’ म्हणायचं आणि बटण सोडायचं. दाबून ठेवलं तर आपलंच बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आपल्याला मात्र कोणाचं काही ऐकू येत नाही. हे मला पहिल्या दिवशी तीनदा समजावलं. मला! एकतीस वर्षं विमा कचेरीत दावे विभाग सांभाळलेल्या माणसाला!

मोठ्याने बोलत लिहायची सवयही तिथलीच, स्टेनोला पत्रं सांगून सांगून लागलेली. आमच्या हिला त्याचा त्रास होतो म्हणे. म्हणून सहा वाजले की रबरी होडी घेऊन ही समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या बोटीवर पत्ते खेळायला जाते. जाऊ दे. लेखनाला एकांत लागतोच.

मुख्य मुद्दा. १६ तारखेला इथून पाच बोटींचा ताफा पलीकडे निघणार. आठ दिवस किनारा दिसणार नाही. कोणाला बरोबर घ्यायचं ते खाडीतली मंडळीच ठरवणार. हिने स्पष्ट सांगितलंय की सोबत असेल तर येईन, तुमच्या एकट्याच्या भरवशावर नाही. नाहीतर ही विमानाने लेकीकडे. पोकळ धमकी. लेकीला फोन मात्र केलाय.

संकल्प: तेरा दिवसांत मित्र जोडणे.

४ मार्च, मंगळवार. सं. ६.

मैत्रीसाठी पात्रता तपासणी. दावा तपासतो तशीच करायची.

हेडबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, एकटीच बोट हाकते. हजेरी घेते आणि ताफ्याची यादीही तिच्याच हातात. आवाज असा की मासेसुद्धा रांगेत उभे राहतील. बाई डोक्यावर बसणारी आहे, पण गोड बोलत राहणे. दहापैकी चार.

दाढीवाला. इंजिनचा मिस्त्री. कोणाचंही इंजिन अडलं की न बोलावता हजर. हात धुणं माहीत नाही. आपल्याकडे कॉफी प्याला तर कपावर पाची बोटं उमटली. उपयोगाचा माणूस. सहा.

डॉक्टरीणबाई, दातांच्या. आपण बोलत असताना डोळ्यांत न बघता दाढांत बघतात. पाच. त्यांचे यजमान सूपवाले. नवी बोट आली की सूपचं पातेलं घेऊन हजर, आणि नंतरही दर दोन दिवसांनी. सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, वर मीठ. तोंडावर ‘अप्रतिम’ म्हणालो. तीन.

एक बघितलं. दिवसभर रेडिओची वटवट चालू असते, पण मी लिहायला बसलो की चिडीचूप. सुशिक्षित माणूस लिहायला बसलाय हे लोकांना कळतं, आणि ते मान ठेवतात.

६ मार्च, गुरुवार. सं. ६.

आज हजेरीनंतर हेडबाई म्हणाल्या की संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोणाचं तरी बटण दाबलेलं राहतं, चॅनेल अडतो, तरी सर्वांनी आपापला रेडिओ तपासावा. कोण हा गाढव? मी तिथल्या तिथे चौकशीची जबाबदारी घेतली. मग हेडबाई म्हणाल्या, वा, तुम्हीच करा, तुमच्याइतकं योग्य माणूस नाही. बाईंना माणसांची पारख आहे. चारचे पाच केले.

दाढीवाला आला होता. आल्या आल्या त्याने दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले, पालथे, मग उलथे. साबणाचा वास येत होता. विचित्र माणूस. पण सुधारतोय, माझ्या सहवासाने.

आज सूप आलं नाही. वार आजचाच होता.

रेडिओची बॅटरी हल्ली तासाभरात झोपते. निकृष्ट माल.

७ मार्च, शुक्रवार. सं. ६.

चौकशी सुरू. आठ बोटींवर जाऊन आलो. सगळ्यांनी रेडिओ काढून दाखवले, चहा दिला, फारच अदबीने वागले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की तुम्ही तुमचा कुठे ठेवता. सांगितलं, सदैव माझ्या हाताखाली. त्यावर त्यांना ठसका लागला. सूपवाल्यांनाही लागला. घशाची साथ दिसतेय, चार दिवस लांब राहावं.

संशयितांत पहिला सूपवाला. माणूस वेंधळा, कोपर कुठेही टेकतो. दुसरा दाढीवाला. हेडबाईंनाही वगळता येत नाही, वय झालंय, पण हे फक्त इथेच लिहितोय.

आत्ता खिडकीतून बघतोय तर सगळे आपापल्या डेकवर बसलेत, हातात कप, मांडीवर रेडिओ. आमची हीसुद्धा, पत्ते न खेळता. कसला कार्यक्रम लागतो कोण जाणे! आता सगळे एकदम हसले. काय रिकामटेकडी जमात आहे. मीही ऐकलं असतं, पण रेडिओ काढला की डायरी घसरते.

९ मार्च, रविवार. सं. ६.

दुपारी वारा सुटला आणि आमचा नांगर सरकला. ही सकाळीच म्हणाली होती की साखळी अजून सोडा. मी हिला साखळीमागचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. शास्त्र बरोबरच आहे, वाराच चुकीच्या दिशेने आला.

‘दिग्विजय’ सरकत सरकत थेट डॉक्टरीणबाईंच्या बोटीवर. चार होड्या धावत आल्या. दाढीवाला उडी मारून आमच्या डेकवर, हेडबाई आणि सूपवाले मधे रबरी टायर धरून. हिने इंजिन चालू करून सुकाणू घेतलं, मला न विचारता. मी पुढच्या टोकावर उभा राहून सलग बारा मिनिटं शिट्टी वाजवली. शिट्टी नसती तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

कोणी आभार मानले नाहीत. दाढीवाला हिच्या पाठीवर थाप मारून गेला. हिला सुकाणू म्हणजे काय, नकाशा म्हणजे काय, काही कळत नाही हे यांना कोण सांगणार? शिकाऊ आहे ती अजून. दहापैकी तीन, सवलतीचे धरून.

११ मार्च, मंगळवार. सं. ६.

सकाळी ताफ्याची कच्ची यादी वाचली. चार बोटी. ‘दिग्विजय’ नाही. पाचवी अजून ठरायची आहे म्हणे.

हजेरी संपल्यावर हिने बिछान्याखालची बॅग काढली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, तयार होतं. साड्यांच्या घड्या घालत बसली. त्यातली निळी मी आणलेली, तीही घातली बॅगेत.

इथे कोणी ऐकणारं नाही, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. उद्या पान फाडायचं.

गेल्या वर्षी इकडे येताना किनारा दिसेनासा झाला आणि मी सुकाणू सोडलं. खाली जाऊन तोंडावर पांघरूण घेऊन पडलो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हिने एकटीने सुकाणू धरलं. एका हाताने मला चहासुद्धा करून दिला. इथे पोचल्यावर लोक विचारायला आले तेव्हा मी छाती काढून सांगितलं की मीच आणली बोट, कठीण होतं, पण आणली. ही शेजारीच दोराची गुंडाळी करत उभी होती. गुंडाळीच करत राहिली.

ही गेली तर बोट मला इथून तिथे हलवता यायची नाही. आणि बोट गेली खड्ड्यात. संध्याकाळी सहा वाजता ही समोर पत्ते खेळायला जाते ना, तेव्हासुद्धा माझं एक लक्ष घड्याळाकडे असतं. सात वाजले आणि होडीचा आवाज आला की मगच मी पेनाचं टोपण लावतो. चौतीस वर्षांत हे हिला सांगायचं राहिलं. मला भीती वाटते. बस.

१२ मार्च, बुधवार. सं. ६.

सूप आलं! मोठं पातेलं. सूपवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. म्हणाले, मीठ कमी घातलंय. दाढीवाल्याने न सांगता इंजिनचा पट्टा बदलून दिला. हजेरीला हेडबाईंनी ‘दिग्विजय’ असं पुकारलं, की पहिल्यांदाच त्या आवाजात माया वगैरे वाटली.

निष्कर्ष उघड आहे. शिट्टीचा परिणाम व्हायला तीन दिवस लागले.

ही चहा देताना माझ्याकडे बघत उभी राहिली. कपाळाला काही लागलंय का म्हणून पुसलं. नव्हतं. दुपारी बघतो तर बॅग परत बिछान्याखाली. म्हटलं नव्हतं, पोकळ धमकी!

ते पान फाडलं नाही. अक्षर चांगलं आलंय.

१४ मार्च, शुक्रवार. सं. ६.

विजय! पाचवी बोट ‘दिग्विजय’. मैत्री म्हणजे शेवटी मॅनेजमेंट असतं. योग्य माणसं हेरावी, त्यांच्या कलाने घ्यावं, स्वतःची किंमत जाणवून द्यावी, की झालं.

यादीत एक किरकोळ चूक आहे. आमच्या बोटीपुढे कॅप्टन म्हणून हिचं नाव वाचलं. वयामुळे होतं असं. हेडबाईंना एकांतात सांगीन, चारचौघांत अपमान नको.

निघताना ताफ्याचं नेतृत्व करण्याबद्दल विचारलं तर आढेवेढे घ्यायचे. दोनदा. तिसऱ्यांदा हो म्हणायचं.

१५ मार्च, शनिवार. सं. ६.

उद्याच्या हजेरीत चौकशी अहवाल वाचणार. त्याचा मसुदा असा:

सभासद हो, बटण प्रकरणाची मी कसून चौकशी केली आहे. सर्व पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवतात. हा माणूस बेजबाबदार आहे. संध्याकाळी आपण काय करतो याचं त्याला भान नसतं. आपल्या बडबडीने इतरांचा चॅनेल अडतो हेही त्याला कळत नाही. मैत्रीखातर मी त्याचं नाव घ्यायला कचरत होतो, परंतु आता नाइलाज आहे. ते आहेत आपले सूपवा

६.४०

पेन खाली पडलं होतं. उचलायला वाकलो तेव्हा डायरीच्या उताराखाली नजर गेली. खाली रेडिओवर, बटण दाबलं की लागतो तो बारीक लाल दिवा पेटलेला. डायरी उचलताच विझला. आणि लगेच हेडबाईंचा आवाज. मधेच का थांबलात, म्हणाल्या, नाव घ्या की, आम्ही इथे श्वास रोखून बसलोय. मागून सूपवाल्यांचा आवाज, की मी नाही हो, मी नाही. मग बाकीच्या तेराच्या तेरा बोटी हसल्या. रेडिओवरूनही आणि खिडकीतूनही.

डायरी परत ठेवून बघितली. दिवा पेटला. उचलली. विझला. असं चार वेळा केलं. नंतर कळलं की प्रत्येक वेळी तिकडे टाळ्या पडत होत्या.

आता रेडिओ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे. डायरी सपाट. मान दुखतेय. तोंड मिटून लिहितोय.

७.१५

ही आली. विचारलं, पहिल्या दिवसापासून ऐकत होतीस? म्हणाली, सगळेच ऐकत होते. पहिले दोन दिवस हेडबाई तुमचं नाव कापणारच होत्या, नंतर त्यांनाच सहाची ओढ लागली. म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? चारचौघांत माझं हसं झालं. ही रबरी होडीचा दोर बांधत होती, ती थांबली. म्हणाली, माझं चौतीस वर्षं झालं तेव्हा तुम्ही कुठे थांबवलंत? मला तीन मार्क मिळाले, तेही सगळ्या खाडीने ऐकलं. सवलतीचे धरून.

मंगळवारचं पान फाडू का, असं विचारलं. नको म्हणाली. ते असू दे. बाकीची डायरी फाडलीत तरी चालेल.

मग उद्याच्या कामांची यादी माझ्या हातात दिली. कॅप्टनच्या नावात काही चूक नाही, हेडबाईंनी दोनदा तपासलंय, असंही सांगितलं. नेतृत्वाबद्दल कोणी विचारलेलं नाही. साखळी किती सोडायची ते ही बघणार. इंजिन दाढीवाला जाता जाता बघून देणार. शिट्टी हिने तिच्या पर्समध्ये ठेवली आहे.

उद्या सकाळी हजेरी झाली की नऊला निघायचं. मी भांडी बांधून ठेवायची आहेत, आणि त्याआधी सूपवाल्यांचं पातेलं घासून, माफी मागून, परत करून यायचं आहे. कॅप्टनचा हुकूम आहे.