पायाचं माप

आबा, तुमचा हात चुकला नव्हता. एवढं एक वाक्य तुम्हाला तोंडावर सांगायला माझ्याकडे दहा-बारा वर्षं होती. सुट्टीत घरी यायचे, सोप्यात तुमच्या कामाच्या जागी शेजारी पोत्यावर बसायचे, तुम्ही चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत असायचात, आणि वाक्य अगदी जिभेवर आलेलं असताना मी विचारायचे, "आबा, चहा टाकू का?" किती चहा प्यायलात तुम्ही माझ्या भित्रेपणापायी! तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे आता मी आले आहे. गुडघे दुखतात, घोड्यावर बसणं केव्हाच सुटलं, पण ते वाक्य काही सुटलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

माझे पाय आईच्या माहेरचे. पुढून पसरट, अंगठ्यापाशी हाड बाहेर आलेलं, बोटं एकमेकांपासून फटकून राहणारी. बूट शिवणाऱ्याची पोर असून मॅट्रिक होईपर्यंत मी बहुतेक अनवाणीच हिंडले, आणि पुढे तुमच्या हातची चप्पल घातली, तिच्यात पाय कसाही मावतो. बोटं पुढे आली तर आली, टाच मागे राहिली तर राहिली. पायाला रुंदी असते आणि ती लोकांच्या डोळ्यांत येते, हे मला आईनं शिकवलं. बघायला येणारी माणसं मुलीचे पाय बघतात, म्हणून पोह्यांच्या बश्या घेऊन जाताना पाय निऱ्यांच्या आत कसा ठेवायचा, बोटं कशी आवळून घ्यायची, याची ती माझ्याकडून स्वयंपाकघरात तालीम करून घ्यायची. "पाय आवळ की गं! सुपं बांधल्यागत काय चालतीस!" चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. बी.ए. झालेली एकवीस वर्षांची घोडी मी, आणि संध्याकाळच्या संध्याकाळ बोटं आवळून चालायचे.

खऱ्या घोड्यांचं वेड मात्र तुम्हीच लावलंत. संस्थान होतं तेव्हा तुम्ही पागेचे बूट शिवायचात. संस्थान गेलं, बूट गेले, चपला राहिल्या. पण कसबा बावड्याच्या वाटेला एका निवृत्त रिसालदारांनी चार-पाच घोडी ठेवून मुलांना रपेट शिकवायला सुरुवात केली होती, त्यांची खोगिरं आणि लगाम दुरुस्तीला तुमच्याकडेच येत. दुरुस्त झालेलं सामान सायकलला बांधून तुम्ही निघालात की मी दांडीवर चढून बसायचे. तिथं तुम्ही बकलं तपासत असताना रिसालदारांनी मला गंमत म्हणून एका म्हाताऱ्या घोडीवर बसवलं, आणि मी उतरायलाच तयार होईना. पुढे कॉलेजात गेले तरी आठवड्यातून दोन सकाळी माझं बावड्याला जाणं सुटलं नाही. कधी अनवाणी, कधी भावाच्या कॅनव्हासच्या बुटांची लेस काढून. घोडीला माझ्या पायांचं काही वाटत नव्हतं.

मग रिसालदारांकडे ते पत्र आलं. पुण्याकडच्या एका मुलींच्या निवासी शाळेला घोडेस्वारी शिकवणारी बाई हवी होती. त्यांच्या मुख्याध्यापिका रिसालदारांकडे दोन घोड्या बघायला येणारच होत्या, तेव्हा मलाही बघणार होत्या, आणि उमेदवारानं पूर्ण पोशाखात, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या बुटांसकट यावं असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची तंग विजार, मी शिवून घेतली. बुटांसाठी महाद्वार रोडवरची सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "बायकांच्यात असला बूट येतच न्हाय ताई. थोरल्या भावाचा घाला की." भावासारखा नऊ नंबरचा घालून बघितला, तर रुंदीला बसला आणि पुढे तीन बोटं रिकामी. चालताना टाच वर उचलायची. असला बूट रिकिबीत अडकला आणि घोडं उधळलं, तर माणूस फरफटत जातं. मामेभावाबरोबर एसटीनं पुण्याला जाऊन आले. तिथल्या लष्कर भागातल्या दुकानात बायकांचे बूट होते, सुरेख होते, पण माझा पाय निम्म्यावर जाऊन थांबला. दुकानातला माणूस बूट चढवायच्या शिंगानं, पावडरीनं, जोर लावून थकला आणि मग माझ्या पायाकडे अशा नजरेनं बघायला लागला की मी चप्पल घालून सरळ बाहेर आले.

तुम्हाला ही नोकरी नकोच होती. हातकणंगल्याच्या स्टेशनजवळ दुकान असलेलं एक घर तुम्ही हेरून ठेवलं होतं, पुढच्या पंधरवड्यात ती मंडळी मला बघायला येणार होती. मुलगा वाईट नव्हता, मीच त्या घरात मावणार नव्हते. पुण्याहून रिकाम्या हातानं आले त्या दिवशी तुम्ही आरी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बूट मी शिवतो. पन एक डावच. त्या बाईंनी घेतलं तर जा. न्हाय घेतलं, तर पावण्यांनी बघायचं आनि तू व्हय म्हनायचं. कबूल?" मी म्हटलं, "कबूल." शब्द दिला की आपल्या घरात तो मोडायची सोय नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आता तो माप घेण्याचा दिवस. तुम्ही जमिनीवर जाड कागद पसरता, कानावरची पेन्सिल काढता आणि माझ्या पायाशी वाकता. याचा विचारच मी केला नव्हता. आपल्याकडे चुकून चामडं कापायच्या रापीला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, आणि इथं तुमची टोपी माझ्या गुडघ्याला लागत होती. बापाच्या डोक्यासमोर आपला हा एवढा फताडा पाय पसरून उभं राहायचं! अंग चोरलं गेलं. वजन टाचेवर घेतलं आणि आईनं शिकवलेली बोटं आपोआप आवळली. परक्या गिऱ्हाइकाचा पाय तुम्ही हातात धरून, दाबून, बोटं सुटी करून बघायचात. पण मी मोठी झाल्यापासून तुम्ही मला हात लावला नव्हता, तेव्हाही लावला नाहीत. तुम्हीही अवघडला होतात, कागदाकडेच बघत होतात. "पाय सैल सोडलाईस न्हवं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "व्हय." पेन्सिल फिरली. माझ्या शब्दावर फिरली.

अर्ध्या शिवणीवर तुम्ही मला बूट एकदा चढवायला लावलात. आत बोटावर बोट चढत होतं. तेव्हा तरी सांगायचं! पण बाई यायला आठच दिवस उरले होते, आणि दुसरंही एक होतं. आईच्या कपाटाच्या आरशात मला माझा पाय दिसला, निमुळता, तकतकीत, कुणा दुसरीचाच. तुम्ही विचारलंत, "बोटं हलत्यात?" मी म्हटलं, "हलतात की." तुम्ही खूश झालात. वीस वर्षांत बूट शिवला नव्हता, तरी हात शाबूत आहे म्हणून स्वतःशीच मान हलवलीत. रोज चपलांचं काम उरकून तुम्ही त्या बुटांना बसायचात, आणि मला घरात ठेवायचं मनात असताना एकेक टाका मात्र मला बाहेर घालवण्यासाठी नीट घालायचात. हे मला तेव्हाही दिसत होतं, आबा.

बाई आल्या त्या सकाळी पहिला फेरा छान झाला. दुडक्या चालीचा दुसरा फेरा सुरू झाला आणि बोटांत आधी आग, मग मुंग्या, मग काहीच नाही. रिकीब पायाखाली आहे की सुटली हे मला खाली बघितल्याशिवाय कळेना. बाईंनी उतरून पुन्हा चढायला सांगितलं. उतरले ती गुडघ्यांवरच पडले. पुन्हा डावा पाय रिकिबीत टाकायला गेले तर तो उचलेना. मला धरून सामानाच्या खोलीत बाकावर नेऊन बसवलं. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार बूट ओढतोय, रिसालदार मला मागून धरतायत, बाई दारात उभ्या आहेत, आणि बूट तसूभर हलत नाही. पाय आत सुजून घट्ट झालेला. खोलीत घामाचा आणि चामड्याचा वास कोंडलेला. मला एकदम वाटलं की आता हे बूट कधीच निघणार नाहीत, मी अशीच बसून राहणार, आणि पुढच्या आठवड्यात असाच पाय घेऊन पोहे न्यायला जाणार. मी लहान मुलीसारखी ओरडायला लागले. रिसालदारांनी मोतद्दाराला तुमच्याकडे पिटाळलं.

तुम्ही सायकलवरून आलात. बुटावरून बोटं फिरवलीत, पावलापाशी थांबलात, दाबून बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला. मग रापी काढून मागच्या शिवणीतून वरपासून खालपर्यंत बूट फाडलात, आधी एक, मग दुसरा. माझे पाय बाहेर आले, पांढरेफटक, टाक्यांचे वळ उठलेले. रिसालदार म्हणाले, "मिस्त्री, उभ्या हयातीत तुमच्या हातनं बोटभर माप चुकलं न्हाय. आनि पोरीचंच चुकलं? पोरगी जाऊ नये म्हनून केलंसा न्हवं ह्ये?" तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, विचारत होतात. मी खाली वाकून पाय चोळत राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आज मी काही ठरवत नाही. महिन्याभरानं आमच्याकडे या, पण पायाला बसतील असे बूट घालून." म्हणजे घेतलं नव्हतं. आपल्या बोलीप्रमाणे मी हरले होते.

गोष्ट आपल्या आधी गल्लीत पोचली होती. आईला लग्न हवंच होतं, पण तीसुद्धा तुम्हाला म्हणाली, "असलं करून लगीन नगं हुतं मला. पोरीचा पाय अडकवलासा तुम्ही." तुम्ही ताटावर बसला होतात. म्हणालात, "म्या न्हाय केलं." आई म्हणाली, "मग कुनी केलं?" मी तुमच्या ताटात आमटी वाढत होते. वाढून झाली, आणि मी भांडं घेऊन आत गेले. तुम्ही तसेच उठलात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही हातकणंगल्याला गेलात आणि पावण्यांना येऊ नका म्हणून सांगून आलात. संध्याकाळी टोपी खुंटीला लावत म्हणालात, "जा तू. मिरजेत माझ्या हाताखाली शिकून गेलेला एक जन हाय, त्येच्याकडनं बूट करून घे. माझ्याकडनं नगं. लोक म्हनतील, परत अडकवली." मिरजेच्या त्या माणसानं माझा पाय धरून कागदावर दणकन दाबला आणि म्हणाला, "बाई, सगळं वजन टाका, लाजताय काय?" परक्यापुढे मला लाज वाटली नाही. पाय चांगला ऐसपैस पसरला. त्या बुटांत बोटं मोकळी हलायची, टाच जागची हलायची नाही, आणि दिवसभर घालून पायात काही आहे हे मी विसरून जायचे. त्या बुटांच्या जोरावर मला नोकरी मिळाली, खोली मिळाली, सगळं आयुष्य मिळालं. मी मिरजेहून परतले त्याच आठवड्यात तुम्ही तुमचे बुटांचे सगळे लाकडी फर्मे बांधून त्या माणसाला देऊन टाकलेत. त्यानंतर तुम्ही बूट शिवला नाहीत. आपल्या गल्लीत लग्नाकार्यात कुणीतरी हमखास काढायचं, "मिस्त्रीनं तर पोरीचा पायच अडकवला हुता की!" सगळे हसायचे, तुम्हीही थोडं हसायचात. मी तिथंच पंगतीत बसलेली असायचे. दरवर्षी वाटायचं, आता सांगितलं तर तुम्ही विचाराल, मागच्या वर्षी का नाही सांगितलंस? आणि त्या विचारानं मी आणखी एक वर्ष आतच राहायचे.

हे कुठं टाकायचं पत्र नाही. भावाला दाखवायची हिंमत नाही, आणि आई तर तुमच्याच मागोमाग गेली. पण वर मी भित्रेपणा असं लिहिलं आहे ना, ते खरं नाही. तसं म्हटलं की जरा सुसह्य होतं, म्हणून मी स्वतःशीही तसंच धरून चालले. त्या सामानाच्या खोलीत तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तेव्हा मला लख्ख कळलं होतं की चूक माझी निघाली तर मला शब्द पाळून हातकणंगल्याला जावं लागेल, आणि आळ तुमच्यावर राहिला तर तो धुवायला तुम्हाला मला सोडावंच लागेल. तुमचा स्वभाव मला पाठ होता. मी घाबरले नव्हते आबा, मी वाट बघत होते. तुम्ही पुढचं सगळं आयुष्य मान खाली घालून जगलात याचं मला फार वाईट वाटतं, रात्रंदिवस वाटतं. तरी पुन्हा ती खोली आली, पुन्हा तुम्ही तसंच बघितलंत, तर मी आजही काही बोलणार नाही.